व्हरांड्यातल्या बोर्डाचा हेवा

सन २०२४, महिना नोव्हेंबर. लातुरात थंडी नुकतीच पडू लागली होती. त्या दिवसांत मी येथील एका क्रीडा मंडळात दाखल झालो. मी कॅरमचा बोर्ड बोलतो आहे. शिसवी चौकट, गुळगुळीत अंग, डोक्यावर स्वतंत्र दिवा! माझ्यामुळे जुन्या बोर्डाची रवानगी व्हरांड्यात झाली. ओलीने फुगलेला तो बोर्ड ‘लेडीज बोर्ड’ ठरला. मला त्याची कीव आली.

रेणापूरहून नोकरीसाठी आलेल्या शिवकन्याताईंना मंडळाच्या संघातून नांदेडच्या स्पर्धेला जायचे होते. पुरुषमंडळी मात्र त्यांना पावडर शिंपडायला आणि गुण लिहायला सांगत. एकदा खेळू दिले, तेही सूट म्हणून त्यांच्या दोन सोंगट्या आधीच उचलून ठेवून. त्या जिंकल्या.

“सुटीनं जिंकल्या ताई!” मंडळाचा अव्वल खेळाडू मन्मथ हसला.

ताई चिटणीस शेषेरावांकडे वळल्या. “काका, जिंकले तर सुटीनं, अन् हरले तर सूट देऊनबी हरले. मग मी खरी जिंकायची कवा?”

शेषेराव चहा पीत राहिले. ताई उठल्या आणि व्हरांड्यात गेल्या.

तेव्हापासून माझा जळफळाट सुरू झाला. महाविद्यालयात शिकणाऱ्या तनुजाला घेऊन त्या रोज तिथे खेळत. तो नेमका कट, ती खळखळून हसण्याची लकेर, सारे त्या फुगलेल्या गबाळ्याच्या वाट्याला! माझ्या वाट्याला बायकांवरचे पाचकळ विनोद आणि चहाचे ओघळ. त्याच्या अंगावरून ताई मऊ फडके फिरवीत. मी दारातून पाहत असे.

फेब्रुवारीत संघनिवड आली. ताईंनी मन्मथला कसलीही सूट न घेता खेळायला बोलावले, व्हरांड्यात.

“त्यो बोर्ड फुगलाय की! सोंगटी वाकडी पळती.”

“हाव. तुम्हीच दिलाय न्हवं आम्हाला?”

सारे मंडळ उठून बाहेर गेले. गर्दीने दार अडले; मला केवळ आवाज ऐकू येत होते. शेवटी राणी पडली, पाठोपाठ तिला पक्की करणारी जोडसोंगटी. तनुजाने आरोळी ठोकली.

“मी जरा सोडूनच...” मन्मथने सुरुवात केली.

“गप ए! आधी घाम पूस,” शेषेराव म्हणाले. “शिवकन्याबाई, नांदेडला चला. अन् काका चुकला.”

संघात त्यांचे नाव लागले, तो शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५. सगळे त्या बोर्डाभोवती दाटीवाटीने उभे होते. माझ्यावर त्यांनी हेल्मेटे ठेवली होती.