रुमण्यावरचा भार

लान घराण्याचा पहिला सम्राट आमच्याच बाजूच्या डोंगरातला. पोटासाठी दुसऱ्याची शेतं नांगरणारा तो पोरगा बंडात शिरला, एकेक राज्य घेत गेला, आणि आमचे केस पिकू लागले तोवर सगळा मुलूख त्याचा झाला. गादीवर बसल्यानंतरच्या पहिल्याच वसंतात तो देवशेतात नांगर धरायला आला. रिवाज असा, की सम्राटानं तीनदा नांगर रेटायचा, मग मंत्र्यांच्या हाती द्यायचा. तिथं पिकलेले राळे पूर्वजांच्या नैवेद्याला जातात.

बैलाची वेसण धरायला माझा थोरला भाऊ लिये निवडला गेला. विधीच्या अधिकाऱ्यानं बजावलं, "मागं पाहिलंस किंवा तोंड उघडलंस, तर मान उडेल."

"बैलाशीही बोलायचं नाही?" दादानं विचारलं.

"बैलाशी बोल."

"मग झालं. घरीही त्याच्याशीच बोलतो."

"हो, आणि उत्तरही तोच देतो!" वहिनी फणकारली.

नगारे थांबले. दादा पुढं चालू लागला, सम्राट मागं रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, धरून. पहिला रेटा झाला. दुसऱ्याला फाळ वर आला, बैलाची ओढ हलकी पडली, आणि दादा जन्माच्या सवयीनं ओरडला, "अरे, दाब की रुमणं! झोपलास काय, मेल्या?"

सगळी गर्दी मातीत पालथी पडली. वहिनीची नखं माझ्या दंडात रुतली. अधिकाऱ्यानं तलवार उपसली. "महाराज, याचं शीर..."

"त्याचं शीर बैलाकडं आहे. तिथंच राहू दे," सम्राट म्हणाला. "खरंच बोलला तो. हात मऊ झालेत माझे."

त्यानं जोडे काढून फेकले आणि रुमणं दाबलं. तिसरा रेटा झाला. नांगर मंत्र्यांकडं द्यायला अधिकारी हात पुढं करून उभा राहिला, पण सम्राटानं नांगर सोडला नाही. रेशमी झगे सावरत मंत्री ढेकळांतून मागं धडपडत होते. मी चोरून मान वर केली. चेहरा दिसला नाही. भेगाळलेल्या टाचा दिसल्या, आणि त्यांच्यामागं थेट बांधापर्यंत काळी, ओली, सरळ उलटत जाणारी जमीन.

नगारे दूर जाईपर्यंत दादा तसाच पाठमोरा उभा होता. वहिनी धावत गेली, आधी त्याची मान चाचपली, मग विचारलं, "अहो, कसा होता हो तो?"

"मला काय ठाऊक? पाहिलं कुठं?" दादा बैलाचा खांदा चोळत राहिला. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "पण त्यानं रुमणं दाबलं ना, ते वेसणीतून माझ्या हातापर्यंत आलं. असा भार फक्त आपले आबा नांगर धरायचे तेव्हाच यायचा रे."