सार्जंट मस्टर्डची साक्ष

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. कुंपणाला टेकून नुसतं ऐका.

मी एक जुना सार्जंट आहे. दाढी आहे, शिंगं आहेत, खूर आहेत, सगळं मान्य. पण ओक्लाहोमातल्या तोफखान्याच्या ठाण्यावर भर कवायतीत माझ्या झुलीवर तीन पट्टे शिवले गेले, तेव्हा बँड वाजत होता आणि कर्नलने माझा पुढचा खूर हातात घेऊन अभिनंदन केलं होतं. मी पलटणीचा मानाचा बोकड होतो. मिरवायचा हं, कापायचा नव्हे!

पलटणीची रीत अशी, की जनावराचा हुद्दा त्याला सांभाळणाऱ्या शिपायापेक्षा एका पायरीने वरचा. म्हणजे शिपायाने लाथ घातली, तर वरिष्ठावर पाय उचलल्याचा गुन्हा. माझा शिपाई होता डेन्टन लेडबेटर, एक हाडकुळा कॉर्पोरल. त्याने मला कधी लाथ मारली नाही. रोज सकाळी तो माझी दाढी विंचरायचा आणि म्हणायचा, "सार्जंटसाहेब, आज तरी कुणाची टोपी खाऊ नका."

टोप्या मी सोडल्या. पण एका मोठ्या कवायतीच्या सकाळी कर्नलच्या अंगणातली अझेलियाची गुलाबी फुलं दिसली, आणि मला राहवलं नाही. ते झुडूप आम्हा बोकडांना जहर. बघता बघता तोंडाला फेस आला, पाय लटपटले. ठाण्यावरचा जनावरांचा डॉक्टर रजेवर होता.

"मरत नाही तो!" कॅप्टन ओरडला. "खांबाला बांध आणि रांगेत उभा राहा. कवायतीनंतर बघू."

"कॅप्टनसाहेब, कवायत संपेपर्यंत हा संपेल."

"हा हुकूम आहे, लेडबेटर."

डेन्टनने हुकूम ऐकला, मला उचलून मुदपाकखान्याच्या ट्रकमध्ये घातलं आणि थेट त्याच्या व्हर्नामावशीच्या शेतावर आणलं. शेजारीच एक म्हातारा गुरांचा डॉक्टर राहायचा. त्याच्या सांगण्यावरून डेन्टन मला कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजत बसला. मी पुन्हा पायांवर उभा राहीपर्यंत तो हलला नाही. त्याने ठाण्याला कळवलंसुद्धा नाही.

मी परतलो तेव्हा मला गाजरं मिळाली. त्याला घरचा रस्ता मिळाला. हुकूम मोडला, सरकारी ट्रक पळवला, गैरहजर राहिला. पूर्वी कधी उशिरा आला होता तेही उकरून काढलं. गैरवर्तन म्हणून नाव कमी केलं. फौज सोडताना मिळणाऱ्या कागदावर एक आकडा असतो, मित्रांनो. एक म्हणजे खुशाल परत या. तीन म्हणजे आधी परवानगी काढा. चार म्हणजे पुन्हा दारात दिसू नका. डेन्टनला चार मिळाला.

पुढे मीही म्हातारा झालो. दात पडले, झूल एका कोवळ्या बोकडाच्या पाठीवर गेली, आणि व्हर्नाबाईंनी मला या शेतावर आणलं. इथे डेन्टन पुन्हा भेटला. तो गावची रुग्णवाहिका चालवायचा. त्याने कित्येकांचे जीव वाचवले होते. पण फौजेची गाडी रस्त्याने गेली, की त्याच्या हातातला घास हातातच राहायचा. त्याला फौजेत जखमींची शुश्रूषा करायची होती, आणि भरतीचं वय उलटत चाललं होतं.

"चार म्हणजे चार!" मावशी भेंडी तळता तळता म्हणायची. "एकदा तोंडावर दार आपटलंय. आता परत नाक घेऊन कशाला जातोस?"

"नाक अजून शाबूत आहे, मावशी."

माजी सैनिकांच्या सभागृहात ओपल स्टिडम नावाच्या म्हाताऱ्या परिचारिकाबाई असे आकडे बदलून घ्यायच्या कामात फुकट मदत करायच्या. त्यांनी त्याला जुने निकाल पुन्हा तपासणाऱ्या फौजेच्या मंडळापुढे सुनावणी मिळवून दिली आणि बजावलं, "पोरा, 'मला परत यायचंय' एवढंच म्हणालास, तर ते म्हणतील, बरं मग? शिक्षा गुन्ह्यापेक्षा जड झाली, हे त्यांना पटायला हवं. आणि बोकडाचा हुद्दा मधे आणू नकोस. हसं होईल."

सुनावणीला मीही गेलो, मित्रांनो. लांबलचक टेबल, पलीकडे पाच अधिकारी, मधोमध एक कर्नलबाई.

"मिस्टर लेडबेटर, ट्रक का नेलात?"

"मॅडम, सार्जंट मस्टर्ड आजारी होते."

ओपलबाईंनी कपाळावर हात मारला.

"सार्जंट शुद्धीवर होते का?"

"जेमतेम, मॅडम."

कुणीही हसलं नाही. कर्नलबाई पुढे झुकल्या. "आणि उद्या पुन्हा तसंच झालं तर?"

"गाडी मागेन. नाही दिली, तर पाठीवर घेऊन जाईन. पण आधी फोन करीन. त्या दिवशी माझे सोबती मला कुठे अपघात झाला समजून माळावर हाका मारत फिरत होते. ते मला फार उशिरा कळलं. ते माझं चुकलं, आणि ते बोकडावर ढकलता येणार नाही."

निकाल नुसता लोंबकळत होता! तेव्हा मी उठलो. टेबलावर दोन्ही खूर ठेवले आणि खणखणीत आवाजात माझी साक्ष दिली. कर्नलबाईंनी डोळे पुसले. पाचही अधिकारी ताडकन उभे राहिले. मग मी मान लांब केली आणि ज्या कोपऱ्यात तो चार होता, तो कागदाचा कोपराच खाऊन टाकला! आता नवा आकडा लिहिणं त्यांना भागच पडलं. त्यांनी लिहिला तीन. म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमच्यासाठी ज्याने स्वतःचं नुकसान करून घेतलं, त्याला कधी एकटं सोडू नका. माझ्यासारखं त्याच्या बाजूने उभं...

"ए खोटारड्या!" मागून बादली आपटल्याचा आवाज आला. व्हर्नाबाई! "मंडळापुढे तू कधी गेला होतास रे? त्या दिवशी तू इथे माझे पडदे खात होतास! ओपलबाईंनी येऊन सांगितलं, ते ऐकून पोरांपुढे शेखी मिरवतोस? पोरांनो, तिथे माझा डेन्टन एकटा बोलला. तो तीन त्याने स्वतःच्या तोंडाने मिळवलाय, आणि सोमवारी परवानगी मागायला भरतीच्या कचेरीत तो स्वतःच्या पायांनी जाणार आहे. त्यातला एक घाससुद्धा तुझा नाही!"