बिनपंख्याचं कार्ड

रीनाने ग्राफिक्स कार्डचं खोकं उजेडाकडे वळवलं आणि बाजूवरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. कडेवरच्या यशूला खोक्यावरचं चकचकीत चित्र हवं होतं. तिचा हात सारखा मध्ये येत होता.

"पाह्य ना," तिचा नवरा संघदीप दुसरं खोकं पुढे सरकवत म्हणाला. "जुन्या मॉडेलात दोनशे छप्पन एमबी, याच्यात पाचशे बारा. सरळ डबल."

"बिट पण बघा. तेही वेगळं आहे," रीना म्हणाली.

"ते का असते?"

काउंटरपलीकडच्या छोटेलालला आयतीच संधी मिळाली. "भाऊ, राइस मिल समझो. मेमरी मतलब गोडाऊन, बिट मतलब गेट. गोडाऊन कितना भी बड़ा रखो, गेट से एकच ट्रक घुसता हो तो धान उतरेगा कब? पुराने में गेट छोटा. नये में गोडाऊन भी बड़ा, गेट भी बड़ा."

"आयकलं?" संघदीप म्हणाला. तो लग्नांचं शूटिंग करायचा आणि रीना घरच्या कॉम्प्युटरवर मिक्सिंग. इफेक्ट म्हणून फुलांच्या पाकळ्या उडवल्या की पडद्यावरचे नवरा-नवरी जागच्या जागी गोठायचे. "केशोरीवाले रोज फोन करून राहिले. त्याइची पोरगी सासरी जाऊन माहेरपणाले वापस बी आली, पन सीडी नाई झाली म्हनतेत."

रीना हसली, पण खोकं तिने खाली ठेवलं नाही.

"आणि आवाज?"

"आवाज?" छोटेलालने विचारलं.

"खोक्यावर सगळं लिहिलंय. पंखा किती आवाज करतो ते कुठंच नाही."

"आवाज कौन पूछता है, भाभीजी! पुराने में पंखाच नाही, फक्त ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. एकदम चूप. नया थोडा बोलता है."

"मग जुनंच घेऊ."

"जुनं घेऊन का करतेस?" संघदीपचा आवाज चढला. "पुन्हा सालभरात हेच रडनं. आवाजाचं एवढं का घेऊन बसलीस? यशूले कोठचा तरास होते आवा—"

काउंटरवर पडलेला एक स्क्रू त्याने उचलला, पाहिला आणि होता तिथेच ठेवला.

रीना वाचत राहिली. ओळ तीच होती.

पावसाळ्यात यशूला मोठा ताप आला होता. ती दवाखान्यातून घरी आली ती गप्प होऊन. आधीचं तिचं बा-बा, दा-दा हळूहळू कमी होत गेलं. इथल्या डॉक्टरांनी कानांच्या तपासणीसाठी नागपूरला जायला सांगितलं होतं, आणि तिथली तारीख अजून दूर होती. तोवर रीना घरीच ताट वाजवून पाहायची. यशू कधी वळायची, कधी नाही. वळली तरी रीनाला वाटायचं, हिने माझी सावली पाहिली असेल, फरशी हादरली असेल. "पोरगी शांत हाय तं बरंच हाय ना," सासूबाई म्हणायच्या. "काऊन उगाच भांडे बडवून राहिली?"

काम करताना रीना हेडफोन एकाच कानाला लावायची. दुसरा कान पाळण्याकडे. चुकून एखादा दा-दा निघालाच, तर तो पंख्याच्या घरघरीत हरवायला नको होता. ही गोष्ट तिने संघदीपला सांगितली नव्हती.

"भाभीजी, असं करू," छोटेलाल म्हणाला. "लावून दाखवतो. आवाज ऐका, मग ठरवा."

त्याने काउंटरवरच्या उघड्या मशीनमध्ये नवं कार्ड बसवलं. यशू आता पेंगुळली होती. आईच्या खांद्यावर गाल टेकून ती दाराबाहेर पाहत होती. मशीन तिच्या पाठीमागे होतं.

छोटेलालने बटण दाबलं.

पंखा एकदम पूर्ण वेगाने फिरला. एखादी मिक्सी रिकामी चालवावी तसा आवाज दुकानभर झाला.

"चालू होताना एवढा करते," छोटेलाल ओरडून म्हणाला. "अभी शांत हो जाएगा."

खांद्यावरचा गाल उचलला गेला होता. रीनाने मान तिरकी करून पाहिलं. यशूने आपलं डोकं पूर्ण मागे वळवलं होतं. कपाळाला बारीक आठी.

रीना जागची हलली नाही. पंख्याचा वारा लागला असेल, तिने स्वतःला सांगितलं. ती दारापर्यंत गेली, काउंटरपासून लांब, आणि यशूचं तोंड रस्त्याकडे केलं.

"भाऊ, बंद करा. पुन्हा सुरू करा."

पुन्हा ती घरघर. पुन्हा ते डोकं वळलं.

"आता बस ना," संघदीप म्हणाला. "समजलं मले, लय आवाज हाय. घेऊ तुयं बिनपंख्याचं, झालं?"

"तुम्ही इकडे या."

"का झालं?"

"हिला घ्या. इथं उभे राहा, दाराकडे तोंड करून, हिचंही. मागं बघू नका."

तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो पुढे आला. यशूला रस्त्याकडे तोंड करून कडेवर घेऊन तो पाठमोरा उभा राहिला.

"भाभीजी, चेक हो गया ना," छोटेलाल कुरकुरला.

"एकदाच, भाऊ."

बटण दाबलं गेलं. रीनाला संघदीपचा चेहरा दिसत नव्हता. त्याच्या खांद्याशी लहानसं डोकं उठलं, हेलकावलं, आवाजाकडे वळलं. यशूच्या पाठीवर थोपटणारा त्याचा हात तिथेच थांबला.

मग झोपमोड झालेल्या यशूने ओठ काढला आणि भोकाड पसरलं.

"अरे, बेबी डर गयी! बंद करतो."

"राहू द्या, भाऊ," रीना म्हणाली. "राहू द्या चालू."

नागपूरला तर जायचंच होतं. किती ऐकू येतं, कोणत्या कानाने, ते तिथेच कळणार होतं. तरी तिने दाराची चौकट धरली आणि दोन्ही डोळे पदराने पुसले.

"लय उपकार झाले, छोटेलालभाऊ," संघदीप म्हणाला.

"उपकार कायचे? टेस्टिंगचे पैसे मी घेतच नाही." तो दोन्ही खोकी हातात घेऊन उभा होता. "मग, कोणतं पॅक करू? पुराना की नया?"

पंख्याचा वेग उतरला होता आणि आता यशूचंच रडणं दुकानभर होतं. संघदीप तिला खांद्यावर घेऊन दारात उभा होता. तिला गप्प करायची घाई त्या दोघांनाही नव्हती.