वाघाची अर्धी गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे किती, तर मी सुरू होईस्तोवर माणूस चहा करून, पिऊन, कप विसळून परत येतो. अंगात लिनक्स ही जुन्या यंत्रांनाही झेपणारी संगणकप्रणाली आहे म्हणून तग धरला, नाहीतर केव्हाच भंगारात गेलो असतो.

या घरच्या लेकीने सुटे भाग जोडून मला उभं केलं आणि आईबाबांच्या घरी आणून ठेवलं. बाबा पुस्तकबांधणी करायचे, त्यांना माझं फारसं कौतुक नव्हतं. आईंना मात्र भारी होतं. लेकीला दिवस गेले तेव्हा आई आजारी होत्या. "बाळाला मी दिसेन न दिसेन, आवाज तरी ऐकू दे," म्हणत त्या रोज दुपारी माझ्यासमोर बसून गोष्टी सांगायच्या. वाघाची डरकाळी फोडताना खोकला यायचा, मग स्वतःच हसायच्या. मी त्यांचा आवाज टिपून घेतला आणि ते सगळं जिवापाड जपलं.

आई गेल्या. नात झाली. बाबा तिला मांडीवर घेऊन माझ्यापुढे बसू लागले. "गोष्टींची दुसरी प्रत काढायला हवी," लेक म्हणायची, आणि "पुढच्या खेपेला नक्की" म्हणून निघून जायची.

परवा तिने माझं लिनक्स नवं करायला घेतलं. "बाबा, काम संपेपर्यंत हा चालू राहू द्या हं," असं बजावून ती नुकत्याच बोलू लागलेल्या नातीला लस टोचून घ्यायला घेऊन गेली. थोड्या वेळाने बाबा दूध आणायला निघाले आणि जाता जाता भिंतीवरचं बटण बंद करून गेले. घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची, ही आईंची शिस्त. ती त्यांच्या हाताला लागलेली, डोक्याला विचारतो कोण? मी अर्धा जुना, अर्धा नवा असा मधेच विझलो. सगळं साठवून ठेवणारी माझी डिस्क आधीच म्हातारी. तिने त्या धक्क्यात हाय खाल्ली.

परत आल्यावर लेकीने पेनड्राइव्ह लावून मला जागं केलं. पडद्यावर चुकांच्या ओळीच ओळी. अर्धवट राहिलेलं काम तिने नेटाने पुरं केलं, लिनक्स ताळ्यावर आलं, पण गोष्टींच्या फाइली काही केल्या उघडेनात.

"माझ्या हाताला काय झालं होतं गं?" बाबा म्हणाले.

"तुमचं काही नाही बाबा. मीच आज करू, उद्या करू करत राहिले."

शेवटी एक फाइल उघडली. "एक होता वाघ," आई म्हणाल्या आणि थांबल्या. "अहो, निघालात का? बटणं बंद केलीत का सगळी?" तिथेच आवाज तुटला.

बाबा माझ्याकडे वळले. "केली गं," ते म्हणाले. "सगळी केली."

तेवढी एक फाइल लेकीने लगेच दोन-तीन ठिकाणी उतरवून घेतली. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या यंत्रात कुणाचा आवाज असेल, तर त्याची प्रत आजच काढा. आमची नात तेवढंच पुन्हा पुन्हा लावायला सांगते आणि विचारते, वाघाचं पुढे काय झालं?

मला ठाऊक होतं हो, बाळा. आता आठवत नाही.