न मोडलेल्या घड्या

पाडवा तीन दिवसांवर आला की द्वारका कपाट उपसायची. लग्न होऊन बजाजनगरात आली तेव्हापासूनची ही रीत. सगळी कापडं पलंगावर काढायची, फळ्या ओल्या फडक्यानं पुसायच्या, लिंबाचा वाळलेला पाला कागदात बांधून कोपऱ्याकोपऱ्यात सारायचा. मग एकेक कापड हातात घेऊन त्याचं प्राक्तन ठरवायचं: हे राहील, हे बोहारणीला जाईल, ह्याची गोधडी होईल. यंदा फडकं कोरडंच होतं. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं, जायकवाडी तळाला गेली होती आणि नळाला पाचव्या दिवशी पाणी येत होतं.

मदतीला लेक होती. श्रेया, तेवीस वर्षांची, शहरात एका सीएच्या ऑफिसात कामाला. मोबाईलवर कुठल्याशा बाईचं बघून तिनं एक वही सुरू केली होती. वर्षभरात घेतलेला प्रत्येक कपडा, त्याची किंमत, आणि तो किती वेळा अंगावर चढला. किमतीला त्या आकड्यानं भागायचं, म्हणजे कापड महाग पडलं की स्वस्त ते कळतं.

"ही माझी जीन्स चौदाशेची, सत्तर वेळा घातली. एका वेळेचे वीस रुपये," श्रेया म्हणाली. "आणि हा पिवळा ड्रेस अठराशेचा. एकदाच घातला, मैत्रिणीच्या साखरपुड्याला. एका संध्याकाळचे अठराशे, आई! लिहिताना माझी मलाच लाज वाटली." मग तिनं पान उलटलं. "आता तुझं."

द्वारकेनं कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून गठ्ठा काढला. एकावर एक नऊ साड्या. श्रावणात गुलमंडीत घेतलेली हिरवी. दिवाळीच्या बोनसची, मोतिया रंगाची, हिरव्या काठाची. संक्रांतीची काळी चंद्रकळा. कंपनीतल्या एका बाईकडून हप्त्यावर घेतलेल्या दोन, सेलमधली एक इरकल. साड्या अशा की दुकानदारानं नुकत्याच काउंटरवर ठेवल्यात. काहींच्या आत कागदाचा पुठ्ठा तसाच होता.

श्रेयानं बेरीज केली. चौदा हजार तीनशे.

"बरं. नेसलीस किती वेळा?"

द्वारका एका साडीतून बाहेर आलेला पुठ्ठा आत सारत राहिली.

"एक तरी?"

"नाय."

श्रेयाचं पेन तसंच राहिलं. "आई, शून्यानं भागता येत नाही."

"नको भागूस मग."

"कंपनीत तू दिवसभर निळा एप्रन घालून पॅकिंगच्या लाईनवर उभी. डोक्याला जाळीची टोपी. आत साडी आहे का पोतं, कुणाला दिसतंय? सणाला पण जुनीच नेसतेस. मग ह्या घेतल्यास कशाला? बाबांना ठाऊक आहे?"

"तुझ्या बाबांना घरात दारं किती ते विचार आधी. साड्या मोजतात होय ते!"

श्रेया हसली, पण वही मिटली नाही. "मी सांगू? देऊन टाकू. ऑफिसातल्या मावश्या अर्ध्या किमतीत उड्या मारत घेतील. उद्याच नेते." आणि तिनं गठ्ठ्याला हात घातला.

द्वारकेचा हात तिच्या आधी गठ्ठ्यावर पडला. जरा जोरातच पडला.

"ह्यांची घडी मोडायचीय अजून."

"मग मोड की!"

"मी नाय मोडत माझी घडी. अक्का मोडतात."

आणि मग इतके दिवस मिटून ठेवलेलं आपोआप उलगडत गेलं.

अक्का म्हणजे चतुराबाई, द्वारकेची थोरली नणंद. दिली होती सोयगावच्या अलीकडच्या एका खेड्यात. द्वारका नवी नवरी होऊन आली तेव्हा तिच्या पहिल्या साडीची घडी चतुराबाईनं मोडली. कोरी साडी आधी आपण नेसायची नसते. जिचा जीव आपल्यावर आहे तिनं ती दिवसभर नेसायची, तिच्या अंगाची ऊब कापडात उतरायची, आणि मग ते आपल्या अंगाला लावायचं. असं कापड टिकतं, असं म्हणतात. सव्वीस वर्षांत द्वारकेची एक साडी अशी नव्हती की जिची घडी चतुराबाईनं मोडली नाही. राखीला, दिवाळीला, आखाजीला ती यायची, साचलेल्या साड्या रोज एक नेसायची, आणि पदर खांद्यावर घेताना स्वतःशीच गुणगुणायची,

*घडी मोडिते साडीची, भावजयीच्या साडीची,*
*तिच्या पदरी बांधिते, सावली मी माहेराची.*

तिच्या आईवडलांचं घर केव्हाच उरलं नव्हतं. भावाच्या ह्या दोन खोल्या, हेच तिचं माहेर. आणि नेसलेली साडी ती कधी तशीच परत द्यायची नाही. स्वतः धुऊन, वाळवून, हातानं दाबून घडी करून द्यायची. घामाचं कापड परत दिलं तर मोडणारणीचा शीण नेसणारणीला लागतो, हे तिच्या आईचं सांगणं.

मागल्या वैशाखात तिच्या गावची विहीर आटली. कडूबादाजी, म्हणजे तिचे मालक, जनावरं घेऊन चाऱ्याच्या छावणीत गेले, आणि द्वारकेचा नवरा बद्रीनाथ बहिणीला घरी घेऊन आला. मोरीत पाण्याचे दोन निळे ड्रम. पाच दिवस त्यात काढायचे. चतुराबाई तांब्याभर पाण्यात अंग विसळायची आणि भांडी राखेनं कोरडी घासायची. कुणाला काही सांगावं लागलं नाही. मग एक दिवस द्वारकेनंच जांभळी साडी पुढं केली. "अक्का, आलाच आहात तर घडी मोडा." चतुराबाई दिवसभर ती नेसून मिरवली, देवीच्या देवळात जाऊन आली, शेजारणींना काठ दाखवून आली.

दुसऱ्या दिवशी द्वारका पहिल्या पाळीवरून घरी आली. पाय सुजलेले, डोकं तापलेलं. मोरीत चतुराबाई साडी धूत होती. एक बादली संपली होती, दुसरी निम्मी. ड्रमाचा तळ दिसत होता आणि पाण्याला अजून तीन दिवस होते.

"मग काय म्हणालीस तू?" श्रेयानं विचारलं. तिच्या हातातलं पेन केव्हाच पलंगावर पडलं होतं.

द्वारकेनं ते शब्द वर्षभर कुणापुढं उच्चारले नव्हते. उच्चारले तेव्हा आवाज तिचा वाटेना.

"म्हणलं, विहीर आटवून आलात अक्का, आता माझे ड्रम पण आटवा."

त्या दिवशी चतुराबाई काहीच बोलली नव्हती. बोलली असती तर भांडण झालं असतं, आणि भांडण झालं असतं तर ते मिटलंही असतं. तिनं साडी पिळली, दोरीवर घातली. सकाळी बद्रीनाथ कामावर गेल्यावर वाळलेल्या साडीची घडी केली, उशीवर ठेवली आणि पिशवी उचलली. "येते गं," एवढंच. राखीला आली नाही. भाऊबिजेला बद्रीनाथ एकटाच जाऊन आला. "अक्काला घर सोडून येता येत नाही म्हणे," तो म्हणाला, आणि त्यावर त्यानं विश्वास ठेवला.

द्वारका मात्र साड्या घेत राहिली. दुकानात कोरं कापड दिसलं की वाटायचं, ही घेतली की अक्का येतील. घडी मोडायला कुणीतरी हवं म्हटल्यावर यावंच लागेल. सणामागून सण गेले. फळीवर गठ्ठा वाढत गेला.

श्रेयानं वही मिटली. "आत्या इकडं यायची नाही, आई. ज्या घरात पाण्यावरून बोल लावला त्या घरात कोण येईल?" गठ्ठा आईकडं सरकवत म्हणाली, "तुलाच जावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून द्वारका पहाटेच्या एसटीत बसली. अंगावर ती जांभळी साडी होती, वर्षभर न नेसलेली. मांडीवर नऊ साड्यांची पिशवी. सिल्लोड गेलं, फर्दापूरचा घाट उतरला. दोन्ही बाजूला कापसाची पऱ्हाटी काळी ठिक्कर उभी. पळसाचं झाड तेवढं बिनपाण्याचं फुललं होतं.

चतुराबाई ओसरीत तुरीच्या काड्या मोडत होती. वाळली होती. गळ्याची हाडं वर आली होती. द्वारकेला बघून ती उठली आणि आधी आत गेली. आली ती काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन.

"घे. लांबून आलीस."

द्वारकेनं तांब्या हातात घेतला. एकच घोट घेऊन खाली ठेवला. दारात दोन हंडे होते, एक रिकामा, पालथा.

"बद्री बरा हाय?"

"बरे आहेत."

"पोरगी?"

"बरी आहे."

चतुराबाईनं जांभळ्या पदराची कड चिमटीत धरून पाहिली. "रंग गेला नाय. मी म्हणलं नव्हतं का, चांगलं कापड हाय."

"आजच नेसले, अक्का. पहिल्यांदा."

चतुराबाईनं कड सोडली. द्वारकेनं पिशवी तिच्यापुढं उपडी केली. सारवण भेगाळलेल्या त्या ओसरीत नऊ रंग पसरले. चतुराबाईनं एकेका घडीवरून हात फिरवला, पुठ्ठे बोटांनी चाचपले, आणि तिला समजलं. सांगावं लागलं नाही.

"एक पण?"

"एक पण नाय."

तिनं दारातल्या पालथ्या हंड्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "घडी मोडीन गं मी. पण धुऊ कशात? दोन दिवसांआड एक टँकर येतो. माणशी दोन हंडे."

"धुवायची नाय. तशीच द्या."

"घामाची?"

"घामाची."

"येडी का काय तू! माझा शीण लागंल तुला."

"लागू द्या." द्वारकेचा आवाज फुटला. "मी बोलले ते तुम्हाला वर्षभर लागलं. आता तुमचं मला लागू द्या, अक्का. दोन बादल्यांसाठी मी तुमचं माहेर काढून घेतलं."

चतुराबाईनं काडी उचलली, मोडली, खाली टाकली. "त्या दिवशी पाणी लई गेलंच माझ्या हातनं," ती म्हणाली. "नवं कापड होतं, खळ निघंना. मलाच कळत होतं. म्हणून तर बोलले नाय." तिनं पदरानं नाक पुसलं. "पण विहिरीचं काढायला नको होतंस तू."

"काढायला नको होतं."

तेवढ्यात वेशीकडून हॉर्न वाजला. आळीतल्या बायका हंडे घेऊन धावल्या. चतुराबाईही उठली, आणि उठताउठता गठ्ठ्यातली काळी चंद्रकळा तिनं ओढली. "ही बरी. मळखाऊ हाय."

द्वारकेनं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि मोतिया पुढं केली. "ही नेसा. हिच्यावर मळ दिसू द्या."

चतुराबाईनं तिच्याकडं टक लावून पाहिलं. मग आत गेली.

टँकरपाशी तिला बघून रांग क्षणभर पाणी विसरली. मोतिया साडी, हिरवा काठ, निऱ्या अजून पुठ्ठ्याच्या घडीवर ताठ, आणि डोईवर घासलेला हंडा.

"अगं बया! चतुरे, टँकरला निघालीस का वरातीला?" गोजरबाई ओरडली. ती शेजारची, रांगेत कायम पहिली.

"वरातीलाच. टँकर सोडून दुसरा कोण नवरदेव येतोय आपल्या गावाला?"

"आणि ही करवली कोण?"

"माझी भावजय हाय, औरंगाबादची. तिच्या साडीची घडी मोडतेय मी."

"नव्या साडीत चिखलात? मग धुणार कोण?"

"कुणी नाय," चतुराबाई म्हणाली. "तशीच नेसायचीय तिला."

हसू सरलं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. गोजरबाई रांगेत एक पाऊल मागं सरली आणि चतुराबाईला पुढं घेतलं.

हंडे भरले. पाइपाखाली चिखल झाला होता, त्यात मोतिया साडीचा घेर भिजला, हिरवा काठ तांबडा झाला. खांद्यावर हंड्याचं पाणी सांडलं तिथं पदर अंगाला चिकटला. पाहुणीचे दोन हंडे धरून चार खेपा झाल्या. दोन चतुराबाईनं केल्या, दोन द्वारकेनं. दोघींनी शेजारी शेजारी भाकरी थापल्या, एकीच्या तव्यावर दुसरीची. उन्हं कलली तेव्हा चतुराबाई आत जाऊन आपलं लुगडं नेसून आली. साडीची घडी करायला लागली तसं द्वारकेनं हात पुढं केला.

"घडी नको. मी नेसून जाते."

तिनं तिथंच, त्या अंधाऱ्या खोलीत, जांभळी उतरवली आणि मोतिया नेसली. कापडाला अजून ऊब होती. चुलीचा धूर होता, घाम होता, भाकरीच्या पिठाचा वास होता. चतुराबाईनं तिच्या निऱ्या सारख्या केल्या, पदर खांद्यावर ठेवला आणि हात तिथंच राहू दिला. ओवी तिनं म्हटली नाही. ओठ तेवढे हलले.

बाकीच्या आठ द्वारका पिशवीत भरू लागली. चतुराबाईनं पिशवी काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे इथं. एका दिवसात नऊ घड्या मोडायला मी काय दुकानातली बाहुली हाय? एकेकीला येत जा."

"आणि तुम्ही?"

पालथा हंडा आता सरळ होता, भरलेला. त्यावर चतुराबाईनं ताटली झाकली. "बघू," ती म्हणाली. "पाऊस झाल्यावर बघू."

शेवटच्या बसमध्ये द्वारकेला खिडकीची जागा मिळाली. शेजारी बसलेल्या बाईनं साडीकडं पाहिलं आणि राहवलं नाही तसं म्हणाली, "बाई, काठाला चिखल वाळलाय. झटका की, एवढी नवी साडी!"

"असू द्या," द्वारका म्हणाली.

अंग दुखत होतं. खांदे भरून आले होते, कमरेत कळ येत होती. दोन खेपांचं एवढं दुखणं नसतं. घाट चढताना गाडी हिंदकळली, तशी वाळलेल्या चिखलाची चिमूट तिच्या पायांवर झडली. द्वारका वाकली, निऱ्या दोन्ही हातांनी वर गोळा केल्या आणि मांडीवर धरून बसली. घरी पोचेपर्यंत तिनं त्या सोडल्या नाहीत.