शेवटचं पातं

वॉरिन आत आला तो दार न ठोठावताच. भावाला पुरून अजून वर्षही झालं नव्हतं, पण दुकान आपल्याच नावावर झाल्यासारखा तो खुंट्यांवरची हत्यारं चाचपत फिरला.

"वहिनी, पात्यांना धार नाही राहिली. ड्रू असता तर रडला असता."

"ते असते तर तुम्ही उंबऱ्याबाहेर उभे असता, भावजी," आमिस म्हणाली. मान तिने वर केली नाही.

कोपऱ्यातल्या तिवईवर थर्स्टन म्हातारा खारवलेल्या माशातले काटे काढत बसला होता. यॉर्कच्या धनुष्यकारांचा तो पंच. दिराभावजयीच्या भांडणात त्याला रस नव्हता. रिवाज पार पडला की झालं. विधवेने वर्षाच्या आत आपल्या हातचं धनुष्य पंचासमोर ठेवायचं. ते कानापर्यंत ओढलं जाऊन टिकलं, तर दुकान तिचं. तिच्या हातून मोडलं, तर दिराचं. आणि ओढायचं त्याने, ज्याच्या हातचं पातं लाकडावर शेवटचं फिरलं. पापही त्याचं आणि फुटलं तर कपाळही त्याचंच.

आमिसचं धनुष्य तयार होतं. यू नावाच्या झाडाचं लवचीक लाकूड, पोटाकडून तांबूस, पाठीवर पांढरी पट्टी. ड्रूने स्वतः निवडून आढ्याला टांगलेलं, वर्षानुवर्षं धुरात वाळलेलं. खाचांच्या खांबावर चढवून, दोरी खाच-खाच खाली ओढत, जिथे वाकत नाही तिथे खरवडत तिने ते दोन्ही बाजूंनी सारखं वाकायला शिकवलं होतं. धनुष्याच्या वरच्या हातात, मुठीच्या वरच्या अर्ध्या भागात, एक गाठ होती. तिच्याभोवती तिने लाकूड मुद्दाम जाड ठेवलं होतं. दिसायला चामखीळच, पण सगळा ताण तिच्यावरच पेलला जाणार होता. आता फक्त मेण आणि चरबी चोळायची बाकी होती.

मेण पातळ करायला ती चुलीकडे वळली, आणि पाठीमागे पातं फिरल्याचा आवाज आला. खर्र. खर्र.

वळून पाहते तो वॉरिनच्या हातात तिचंच पातं. चामखीळ गेली होती. त्या जागी लाकूड सपाट झालेलं, आणि मुद्दाम खडबडीत सोडलेलं.

"म्हटलं पंचांपुढे एवढं कुरूप नको," तो हसला. "घरचाच माणूस आहे मी. घ्या, आता तेवढं गुळगुळीत करा." त्याने पात्याची मूठ तिच्याकडे केली.

वॉरिन काही अडाणी नव्हता. गाठीजवळचं लाकूड काढलं की काय होतं हे त्याला तिच्याइतकंच ठाऊक होतं. तिने पात्याचा एक हात फिरवायचा, मग ओढायचं, आणि मोडलं की दुकान आणि तिच्या लेकराबाळांची भाकरी त्याच्या घरी.

ते पातं त्याच्या गळ्यात रुतवावंसं वाटलं आमिसला. पण लाकूड तर त्या क्षणीच मेलं होतं. आता कुणाच्या हातात मोडायचं, एवढंच उरलं होतं.

तिने पातं घेतलं आणि खुंटीला अडकवून टाकलं. मग लोकरीचा बोळा मेणात बुडवून ती खडबडीत जागा तशीच चोळू लागली.

"अहो वहिनी, ओबडधोबड दिसतंय ते!"

"तुमचा हात लागलाय. दिसणारच."

दोरी चढवून तिने धनुष्य म्हाताऱ्यासमोर धरलं. "तयार आहे, काका."

थर्स्टनने बोटं पुसली. "शेवटचं पातं कुणाचं?"

"भावजींचं. तुमच्या डोळ्यांदेखत."

वॉरिनचं हसू मावळलं. "मी... मी आपली मदत केली."

"हो, पाहिलं की मी," म्हातारा म्हणाला. "मग ओढ. का भीती वाटते? भिण्यासारखं काय केलंस, तेही सांग."

सांगितलं असतं तर तो धंद्यातून हाकलला गेला असता. वॉरिनने धनुष्य उचललं. छातीपर्यंत ओढून थांबला.

"कानापर्यंत," आमिस म्हणाली.

कडाड् झालं. धनुष्याचा वरचा हात गाठीतून तुटला आणि उसळून त्याच्या भुवईवर बसला. तो गुडघ्यांवर आला. बोटांमधून रक्त ठिबकू लागलं.

"हिच्या हातून मोडलं नाही," थर्स्टनने निवाडा दिला. "पण धनुष्यही दाखवून झालं नाही. मेंढ्या कातरायच्या हंगामाच्या आत दुसरं कर, पोरी. तोवर दुकान तुझं. आणि हा इथे फिरकायचा नाही."

"वहिनी, चिंधी तरी द्या," वॉरिन कण्हला.

"बायकोकडे मागा."

तुटलेले तुकडे तिने उचलले. ड्रूच्या हातचं तेवढंच एक यू होतं. क्षणभर छातीशी धरले, मग कोपऱ्यात ठेवले. बाकावर चढून आढ्यावरून एल्म झाडाचं साधं लाकूड काढलं. वाकडं, गाठाळ, यूच्या नखाची सर नसलेलं. वॉरिन दारापर्यंत पोचायच्या आतच तिचं पातं त्यावर फिरू लागलं.

"दार ओढून घ्या, भावजी," ती म्हणाली. "थंडी आत येते."