महरझियाच्या गोळ्या

दवाखान्यातून फोन आला तेव्हा हसूना दुकानात सायकलचं चाक सरळ करत होता. तुमची बायको महरझिया गेली, डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, एवढंच डॉक्टर म्हणाला.

तो घरी पोचेपर्यंत गल्लीत वेगळंच कारण पोचलं होतं. जडीबुटी विकणाऱ्या लामीन अत्ताराने आपल्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला होता. रक्तदाबाच्या गोळ्यांमागचा डाव या बाईने ओळखला होता, म्हणून दवाखान्यात तिचा काटा काढला.

वर्षभर घरात त्याच माणसाचा आवाज होता. महरझिया कुसकुस वाफवताना त्याचं ऐकायची, हसायची. या गोळ्या देऊन माणसाची मेंढरं करतात, असं तो सांगायचा. हसूनाने तोंड उघडलं की ती लामीनला मानाचं 'सी' लावून म्हणायची, "तुम्हाला चाकातली हवा तेवढी कळते. सी लामीन चार पुस्तकं वाचून बोलतो." नवऱ्याचं बोलणं ती कधी पुरतं ऐकायची नाही, लामीनचं मात्र तीन-तीनदा लावायची. मार्चमध्ये हसूनाला रव्याच्या डब्यात तिच्या गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या. त्याने झाकण लावून टाकलं. ऐक त्याचंच, मग कळेल, असं तो मनात म्हणाला होता.

तिसऱ्या दिवशी कुराणपठणाला माणसं आली. दारात आधी लामीनचा हात धरत होती, मग हसूनाचा. बायका लामीनला म्हणत होत्या, तुमची सख्खी बहीणच गेली. लामीन रडत होता. ते रडणं खरं होतं, आणि हसूनाला तेच जास्त खुपलं.

"आपल्यातली सगळ्यात जागी बाई होती," लामीन म्हणाला. "खरं ना, सी हसूना?"

सगळे बघत होते. पट्ट्यांचं सांगितलं असतं तर लामीन तोंडावर पडला असता. पण मग हेही सांगावं लागलं असतं, की माझ्या बायकोने माझ्यापेक्षा या माणसाचं ऐकलं, आणि मी बघत बसलो. लामीनच्या गोष्टीत निदान ती शहाणी होती.

"खरं आहे," हसूना म्हणाला.

लगेच दोघं सरकले आणि त्याला मधे बसायला जागा झाली.

संध्याकाळी मुलगी दोर्रा भांडी विसळत होती. ती सूस शहरातून आली होती. रक्तदाब तिलाही होता, गोळ्या त्याच.

"बाबा, आजची गोळी मी घेतली नाही. आता घेणारही नाही."

"त्या लामीनचं ऐकून?"

"त्याचं कोण ऐकतंय? बाजारबुणगा आहे तो. तुम्ही म्हणालात ना, खरं आहे म्हणून."

या घरात पहिल्यांदा लामीनपेक्षा हसूनाच्या शब्दाला किंमत आली होती. त्याला बरं वाटलं. लाज वाटायच्या आधी बरं वाटलं.

दोर्रा रविवारी सूसला परत गेली. रोज फोन करते, डोकं जड वाटतं म्हणते. हसूनाने तिला अजून काही सांगितलेलं नाही.